उंबरठ्यावरची खानेसुमारी

दुकानदाराला "काय, आज गर्दी कशी होती?" असं विचारलं, तर उत्तर गर्दीवर ठरत नाही, विचारणाऱ्यावर ठरतं. घाऊक व्यापारी उधारी मागायला आला असेल तर "सकाळपासून माशा मारतोय." जागेचा मालक भाडं वाढवायच्या बेतात असेल तर "या रस्त्यावर आता कोण येतं हो?" शेजारच्या दुकानदाराला "चाललंय आपलं", आणि मुलीच्या सासरच्यांनी विचारलं तर "अहो, पाणी प्यायला फुरसत नाही." चारही उत्तरं एकाच दिवसाची असतात आणि चारही मनापासून दिलेली असतात.

ही सोय मोडून काढणारी काडेपेटीएवढी एक डबी आता बाजारात मिळते. ती दाराच्या चौकटीला चिकटते, आत येणारं माणूस मोजते आणि विचारणारा कोणीही असो, एकच आकडा सांगते.

मॉलमध्ये आणि मोठ्या ब्रँडच्या दुकानांत अशी यंत्रं जुनी झाली. तिथे ती कंपनीच्या हेड ऑफिसकडून येतात. लहान दुकानात मात्र ती येतात भाच्याकडून. भाचा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असतो आणि त्याला प्रोजेक्ट हवा असतो. पुण्यात तो बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एक चक्कर टाकतो आणि काही शे रुपयांत इन्फ्रारेड दिव्याची जोडी, एक आर्डुइनो बोर्ड आणि वायरींचं भेंडोळं घेऊन येतो. "मामा, तुमच्याकडे डेटाच नाही," असं तो म्हणतो. मामांची तोवर भवानी व्हायची असते, त्यामुळे आपल्याकडे नक्की काय नाही हे त्यांना जास्त चांगलं ठाऊक असतं. पण बहिणीचा मुलगा आहे, नाही कसं म्हणणार?

उदाहरणादाखल लक्ष्मी रोडच्या आडगल्लीतलं एखादं साडीचं दुकान धरू. नाव नको, तिथे दर दहा पावलांवर एक आहे.

यंत्राचं तत्त्व सोपं आहे. चौकटीच्या एका अंगाला डोळ्यांना न दिसणारा किरण सोडणारा दिवा बसवायचा आणि समोरच्या अंगाला तो झेलणारा डोळा. माणूस मध्ये आलं की किरण तुटतो आणि आकडा एकाने वाढतो. तेच माणूस परत जाताना पुन्हा तुटतो. म्हणून रात्री शटर ओढल्यावर आलेल्या आकड्याला दोनाने भागायचं. हा भागाकार या धंद्याला नवा नाही. गादीवर बसवून साड्या दाखवणाऱ्या दुकानांत आत किती माणसं आहेत हे पायरीवरच्या चपलांवरूनच कळायचं आणि तिथेही दोनानेच भागायचं असे. उलट चपलांमध्ये माहिती जास्त होती. बायका किती, पुरुष किती, पोरं किती आणि कोणत्या चपलेसाठी वरच्या फडताळातला माल काढायचा, हे मुरलेल्या सेल्समनला एका नजरेत समजत असे.

पहिल्याच रात्री यंत्र ४३७ दाखवतं असं समजा. भागाकार केला की उत्तर येतं दोनशे साडेअठरा. आता हे अर्धं गिऱ्हाईक कोण, यावर मामा-भाचे विचार करत बसतात. भाच्याच्या मते ती 'एरर' आहे. मामांच्या मते प्रत्येक साडी उलगडून बघून शेवटी "मिस्टरांना विचारून सांगते" म्हणून गेलेल्या बाई त्या ह्याच.

अर्ध्यावर उपाय म्हणून एकाऐवजी दोन किरण लावतात, हातभर अंतराने. आधी रस्त्याकडचा तुटला आणि मग आतला, तर माणूस आलं. उलटं झालं तर गेलं. कल्पना खरोखर सुरेख आहे. फक्त ती बसवणाऱ्याने असं धरलेलं असतं की माणूस दारातून जातं. मराठी माणूस दारातून जात नाही, ते दारात थांबतं. "बरं, येतो मग" हे वाक्य आणि प्रत्यक्ष जाणं यांच्यामध्ये एक पाय आत, एक पाय बाहेर असा जो काळ असतो, त्यात भावकीतल्या मुलीचं लग्न, कात्रजचा ट्रॅफिक आणि कोणाकोणाचे गुडघे हे सगळं होऊन जातं. तेवढ्या वेळात बोलणारा हातवारे करत पुढे-मागे झुलतो आणि यंत्राच्या दृष्टीने सात माणसं येतात व नऊ जातात. दुपारपर्यंत दुकानात उणे दोन गिऱ्हाइकं असल्याची नोंद होते.

दोघी मैत्रिणी हातात हात घालून आल्या तर किरण एकदाच तुटतो, म्हणजे त्या एकच. एकटीच बाई आली, पण वाऱ्याने पदर मागे राहिला किंवा मिटलेली छत्री शरीरानंतर दाराशी पोचली, तर त्या दोन. कडेवरचं मूल फुकट. दुकानाचं तोंड पश्चिमेला असेल तर आणखी एक गंमत होते. उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतं. म्हणून टीव्हीच्या रिमोटप्रमाणे या दिव्यालाही सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकायला लावतात, म्हणजे झेलणाऱ्याला आपला किरण कोणता आणि सूर्याचा कोणता ते ओळखता यावं. तरीही संध्याकाळचं तिरकं ऊन थेट डोळ्यावर आलं की तो दिपून जातो. नेमकी त्याच वेळी ऑफिसं सुटून बायका बाजारात येतात.

दसऱ्याचा प्रसंग तर प्रत्येक भाच्याने सोसावा असा आहे. सकाळी पूजा होते, चौकटीला तोरण चढतं आणि दोन्ही अंगांनी झेंडूच्या माळा सोडल्या जातात. माळ डोळ्यासमोर पंख्याच्या वाऱ्याने हलत राहिली तर दुपारपर्यंत काही हजार गिऱ्हाइकं होतात. नीट घट्ट बांधलेली असली तर डोळा झाकला जातो आणि दिवसभर मोजणी पुढे सरकत नाही. वर्षातल्या तेजीच्या दिवशी गल्ला भरलेला आणि दुकानात कोणीही आलेलं नाही, असा अहवाल तयार होतो. माळ काढायला सांगायची तर ती बांधलेली असते आजीने.

यंत्र बिनचूक चाललं तरी प्रश्न उरतोच, कारण ते उंबरठा ओलांडणारे मोजतं आणि उंबरठा कोण ओलांडत नाही? चहावाला पोऱ्या कप द्यायला येतो आणि कप न्यायला येतो. कुरिअरवाला येतो. "पाचशेचे सुट्टे आहेत का?" विचारणारे येतात. "ते अमक्याचं दुकान कुठे हो?" असं थेट प्रतिस्पर्ध्याचं नाव घेऊन विचारणारे तर आत येऊन, पंख्याखाली उभं राहून विचारतात. वळवाचा पाऊस आला की निम्मा रस्ता आत येतो आणि पावसाबरोबर जातो. ऑगस्टमध्ये मंडळाचे कार्यकर्ते येतात, एकदम आठ. व्यवहार होतो, पावतीही फाटते, फक्त पैसे उलट्या दिशेने जातात. शिवाय दुकानातला एक सेल्समन असा असतोच की ज्याला फोन आला की बाहेर जाऊनच बोलावं लागतं. त्याचं लग्न ठरलेलं असेल तर त्या महिन्याची आकडेवारी सरळ बाजूला ठेवावी.

आता एवढी माणसं मोजून करायचं काय? दिवसभराच्या बिलांच्या संख्येला आलेल्या माणसांच्या संख्येने भागायचं आणि शंभराने गुणायचं. आत आलेल्यांपैकी शेकडा कितींनी खरेदी केली ते कळतं. इंग्रजीत याला कन्व्हर्जन रेट म्हणतात आणि तो ऐकून दुकानदार हमखास भांडायला उठतात. न्यूयॉर्कच्या पाको अंडरहिल यांनी दुकानांत गिऱ्हाइकांच्या मागे कागद-पेन्सिल घेऊन माणसं फिरवली आणि हाच आयुष्याचा व्यवसाय केला. 'व्हाय वुई बाय' या त्यांच्या १९९९ च्या पुस्तकात एका बड्या साखळी दुकानांच्या अधिकाऱ्याची हकिगत आहे. आत येणाऱ्यांपैकी किती जण काही ना काही घेतात, असं विचारल्यावर तो म्हणाला, जवळजवळ सगळेच. मोजल्यावर निघाले निम्म्याहून कमी. आपल्या दुकानदाराचा अंदाज निदान विचारणाऱ्यानुसार बदलतो. त्या साहेबांचा तर कायमचा एकच होता, आणि तोही चुकीचा.

अंडरहिल यांचा आणखी एक शोध प्रसिद्ध आहे. ब्लूमिंगडेल्स या न्यूयॉर्कच्या दुकानात दाराजवळच टायांचा स्टँड होता. टाय बघणाऱ्याला मागून येणाऱ्या-जाणाऱ्यांचा एक-दोनदा धक्का लागला की तो टाय सोडून निघून जातो, असं कॅमेऱ्यात दिसलं. बायकांना तर मागून लागलेला धक्का जराही खपत नाही, असा निष्कर्ष निघाला. या सिद्धांतानुसार तुळशीबाग केव्हाच बंद पडायला हवी होती.

मुळात दारात माणसं मोजण्याची गरज कोणाला पडली, तेही पाहण्यासारखं आहे. अमेरिकेतही वाणसामानाचं दुकान आपल्यासारखंच असे. गिऱ्हाइकाने यादी सांगायची आणि फळीमागच्या माणसाने वस्तू काढून द्यायच्या. १९१६ साली मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी 'पिगली विगली' नावाचं दुकान काढलं. दारात फिरतं फाटक बसवलं आणि लोकांना टोपली देऊन आत सोडलं. आपलं आपण घ्या, जाताना पैसे द्या. गिऱ्हाईक फळ्यांच्या रांगांत शिरलं आणि फळीमागचा माणूस त्याला ओळखीनासा झाला. दारापाशी हिशेब ठेवण्याची पाळी त्यानंतरची.

आपला किराणावाला अजून त्या पाळीपर्यंत आलेलाच नाही. त्याच्या दुकानाला दार नाही. शटर वर गेलं की अख्खी भिंतच नाहीशी होते आणि गिऱ्हाईक पायरीवर उभं राहून "काका, पाव किलो साबुदाणा" म्हणतं. आत फक्त गोणी जातात. सेन्सर लावायचा कुठे? आणि कशाला? कोण आलं, कोण आलं नाही, कोण मागच्या महिन्याची बाकी चुकवायला पलीकडच्या फुटपाथवरून जातं, हे सगळं त्याला बसल्या जागी दिसतं. उधारीच्या वहीएवढी अचूक नोंद ठेवणारं यंत्र अजून निघायचं आहे.

साडीच्या दुकानात मात्र यंत्राची खरी कसोटी लागते ती लग्नाच्या बस्त्याला. मुलीकडचे येतात. मुलगी, आई, दोन मावश्या, आत्या, काकू, करवली, करवलीची मैत्रीण, पैसे ज्यांच्या खिशात आहेत ते वडील, पैसे किती द्यायचे हे ठरवणारे काका, दाराजवळच्या स्टुलावर बसून राहणारे आजोबा, "मला काही नको" म्हणून सगळ्यात शेवटी उठणारी आजी आणि दोन पोरं. चौदा माणसं, चार तास, तीन वेळा चहा, एक बिल. शेकडेवारी सात. यंत्राच्या मते याहून वाईट दुपार असू शकत नाही आणि गल्ल्याच्या मते याहून चांगली. त्याच दिवशी सकाळी एक कॉलेजची मुलगी एकटी येऊन आईच्या साडीला फॉल घेऊन गेली. एक माणूस, एक बिल, शेकडा शंभर. डबीचं ऐकायचं तर मामांनी पैठण्या काढून टाकाव्यात आणि फॉलचं दुकान टाकावं.

हे यंत्र विकणाऱ्यांनाही माहीत आहे. म्हणून वरच्या किमतीची यंत्रं जवळजवळ आत आलेल्या माणसांचा एक गट धरतात आणि गटामागे एक बिल असा हिशेब लावतात. यात गृहीत असं आहे की एका घरची माणसं एकत्र आत शिरतात. काका पार्किंग शोधायला गेलेले असतात ते पाऊण तासाने उगवतात आणि आत्या परस्पर कोथरूडहून रिक्षाने येते, हे परदेशी इंजिनीअरला कुठून कळावं?

वरच्या किमतीच्या यंत्रांचं थोडक्यात सांगायचं तर ती छतावरून बघतात. काही प्रकाशाचे बारीक झोत खाली टाकून परत यायला किती वेळ लागला ते मोजतात. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे ही मोजदाद किती नाजूक असेल ते बघा. त्यासाठीची व्हीएल५३एल१एक्स नावाची चिप करंगळीच्या नखाहून लहान आहे आणि चार मीटरपर्यंतचं अंतर सांगते. काही यंत्रांत दोन भिंगांचे कॅमेरे असतात. त्यांतून डोक्याची उंची कळते आणि ठरावीक उंचीखालचे वगळले जातात, कारण मुलं खरेदी करत नाहीत. पण बस्त्यातली आजी उभी राहिली तरी किती उंच असते? आणि शालू कोणता, हे शेवटी ठरवतं कोण? अंगाची ऊब टिपणारे सेन्सरही असतात. आजूबाजूची हवा अंगापेक्षा थंड असेल तर ते उत्तम चालतात. मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो तेव्हा बिनएसीच्या दुकानात त्यांनी कोणाला माणूस म्हणावं आणि कोणाला भिंत, हा प्रश्नच आहे.

फोनवरून मोजण्याचाही प्रयोग झाला. वायफाय शोधणारा प्रत्येक फोन आपला ओळख क्रमांक हवेत सोडत असे, तो टिपायचा. लंडनच्या मध्यभागातल्या कचरापेट्या २०१३ साली असे फोन टिपताना सापडल्या आणि नगरपालिकेने ते बंद करायला लावलं. पुढच्याच वर्षापासून ॲपलने क्रमांक बदलता ठेवायला सुरुवात केली, नंतर अँड्रॉइडनेही. आता एकच फोन अनेक माणसांचा भास निर्माण करू शकतो. आपल्याकडे एका माणसाचे दोन फोन असतात ते वेगळेच.

इतकं सगळं ऐकल्यावर वाटेल की डबी कचऱ्यात टाकावी. तसंही नाही. दिवसाचा एकूण आकडा बिनकामाचा असला तरी तासाचा आकडा कामाचा असतो. यंत्र चुकतं, पण रोज साधारण त्याच प्रमाणात चुकतं. चहावाला रोज येतो. मैत्रिणी रोज हातात हात घालून येतात. त्यामुळे या मंगळवारची तुलना गेल्या मंगळवारशी केली की काहीतरी खरं हाती लागतं. दर्शनी काचेतली नऊवारी नेसवलेली बाहुली काढून तिथे हातमागाच्या साड्या लावल्या, तर आत येणारे वाढले का? शनिवारी सहा ते आठ दोन सेल्समन पुरतात की आणखी एक हवा? आत येणारे तेवढेच आहेत आणि बिलं मात्र घटली आहेत, तर दोष रस्त्याचा नाही, आपल्या भावाचा किंवा मालाचा किंवा त्या फोनवाल्या सेल्समनचा आहे. गल्ला यातलं काहीच सांगत नाही, कारण न घेता गेलेल्यांची नोंद गल्ल्यात नसते. दुकानदाराला खरी ओळख करून घ्यायची असते ती त्यांचीच.

अर्थात आकडा वाचताही यायला हवा. एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या मामांनी पहिल्या महिन्याचा तक्ता पाहिला की त्यांचा चेहरा उजळतो. "बघ, मी सांगत होतो ना? एक ते चार एकही माणूस येत नाही!" शटर बंद असताना कोणी कसं येईल, हे त्यांना सांगण्याची हिंमत घरात फक्त मामींकडे असते आणि दुपारी घरी जेवायला येणारा नवरा त्यांनाही हवा असतो.

आणि सेल्समनचा पगार किंवा बोनस त्या शेकडेवारीला चुकूनही बांधू नये. बिलं वाढवणं अवघड असतं, येणारी माणसं कमी करणं सोपं असतं. "नुसतं बघायचं असेल तर काचेतून छान दिसतं" एवढं वाक्य दारात म्हटलं की शेकडेवारी आठवड्यात सुधारते. पुण्यात त्यासाठी वेगळा बोनस देण्याची गरज नाही, असं पुण्याबाहेरचे लोक म्हणतात.

तेव्हा ज्यांच्या घरी भाचा शेवटच्या वर्षाला आहे त्यांनी एवढं करावं. माणसं मोजायचं, अंगठ्याने दाबायचं साधं मोजणीयंत्र बाजारात मिळतं, ते आणावं. शनिवारी संध्याकाळी भाच्याला दाराशी स्टुलावर बसवून तासभर हाताने मोजायला लावावं. फोन काढून घ्यावा. मग डबीचा आकडा आणि त्याचा आकडा शेजारी मांडावा. फरक दहात एकाच्या आत असेल तर डबी ठेवावी आणि दर दोन-तीन महिन्यांनी हीच परीक्षा पुन्हा घ्यावी. फरक त्याहून मोठा असेल तरी लगेच काढू नये. प्रोजेक्टची तोंडी परीक्षा साधारण एप्रिल-मेमध्ये असते, तोवर राहू द्यावी.